सफरचंदाचा रस आणि डेव्हनचा पोटशूळ

सफरचंद म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आजाऱ्याच्या उशाशीं ठेवलेलीं, पातळ कागदांत गुंडाळलेलीं दोनचार फळें येतात. काश्मीरांतून किंवा सिमल्याकडच्या डोंगरांतून तें फळ पेट्यांत भरून यावें, फळवाल्यानें तें पुसून मांडावें आणि आपण तें मोजून घरीं आणावें, एवढाच आपला त्याच्याशीं संबंध. परंतु ज्या मुलखांत सफरचंदाचें झाड आपल्या आंब्याफणसासारखें परसांत उभें असतें, तेथें या फळाचा थोरला उपयोग खाण्याकडे नसून पिण्याकडे होता. इंग्लंडच्या पश्चिम भागांतील हेरफर्डशर, सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांत शेतकऱ्याच्या घरीं हा रस कसा निघत असे आणि त्या घरगुती रसापायीं केवढें रामायण झालें, तें श्रोत्यांस आज सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, रसाचें सफरचंद आणि खाण्याचें सफरचंद हीं दोन अगदीं निराळीं. रसाचें फळ बहुधा लहान, तुरट आणि कांहींसें कडू. कच्चें जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळून येतें, तसें तें खाणाराचें होतें. चोरानें सुद्धां एकदां चावून टाकून द्यावें असें तें फळ! पण त्याच तुरटपणामुळें रसाला अंग येतें आणि तो टिकतो. त्यांच्या जातींचीं नांवेंही गमतीचीं आहेत. एकीचें नांव ‘फॉक्सव्हेल्प’, म्हणजे कोल्ह्याचें पिल्लू. तें कां पडलें असावें याचा तर्क श्रोत्यांनींच करावा. सतराव्या शतकांत ‘रेडस्ट्रीक’ या जातीचा फार बोलबाला होता. हेरफर्डशरमधील लॉर्ड स्कडमोर यांनीं ती नांवारूपास आणली असें सांगतात. जॉन एव्हलिन या गृहस्थानें १६६४ सालीं वृक्षांवर जो प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्याला सफरचंद व त्याचा रस यांवर ‘पोमोना’ नांवाची स्वतंत्र पुरवणी जोडलेली आहे. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखें झाड होत नाहीं. कलमच करावें लागतें. आपल्या हापूसची हीच गोष्ट. म्हणून चांगली जात मिळाली कीं तिच्या डहाळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरत.

फळें उतरण्याचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. टोंकाला लोखंडी आंकडा बसविलेली लांब काठी घेऊन गडी फांदी धरून हालवी आणि खालीं ओल्या गवतांत बायकामुलें वांकून फळें वेंचीत. विलायतेंतील शरदाची पहाट म्हणजे बोटें बधिर करणारी. हें काम चित्रांत दिसतें तसें रम्य खचित नव्हतें. वेंचलेलीं फळें लगेच गाळीत नसत. बागेंतच त्यांचे ढीग करून दोनतीन आठवडे मुरूं देत. आपण आंब्याची आढी घालतों तोच हा प्रकार. तेवढ्या अवधींत फळांतील पिठूळपणा जाऊन त्याची साखर होते आणि फळ दाबाला नरम येतें.

पुढची क्रिया समजावयास आपल्याकडील चुन्याची घाणी डोळ्यांपुढें आणावी. तसाच दगडी गोल चर, चरांत उभें फिरणारें जड दगडी चाक, आणि तें ओढण्यास बैलाऐवजीं घोडा. चाक फिरे तसतसा फळांचा बियांसकट लगदा होई. हेरफर्डशरमध्यें हा लगदा घोड्याच्या केंसांच्या जाडसर कापडांत बांधीत; डेव्हनमध्यें कापडाऐवजीं पेंढ्याचे थर देत. असे थर एकावर एक रचून जी चवड होई तिला ते लोक ‘चीज’ म्हणत, मग तिचा चीजशीं कांहीं संबंध असो वा नसो! ती चवड लांकडी मळसूत्राच्या दाबाखालीं ठेवून दोघेतिघे गडी दांडा फिरवूं लागले कीं तांबूस रसाच्या धारा लागत. हा ताजा रस गोड असतो. त्यास ओकच्या पिपांत भरून ठेवलें म्हणजे विरजण न लावतांच तो चार दिवसांत फसफसूं लागतो. फळांत आणि त्या जुन्या लांकडांतच किण्व असतें. हिंवाळा सरला कीं त्याची मद्यार्कयुक्त सायडर होते. उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून तो पुन्हां दाबीत व त्याचा पातळ रस गडीमाणसांस देत. तिसऱ्या वेळचा चोथा डुकरांच्या वांट्यास जाई. आमच्या गुऱ्हाळांत चिपाडांचें जळण होतें. वाया कांहीं जाऊं न देण्याची शेतकऱ्याची बुद्धि सगळीकडे सारखीच.

आतां या घरगुती पिपावर सरकारची दृष्टि कशी गेली तें पहा. १७५६ पासून १७६३ पर्यंत इंग्लंडनें सात वर्षें युद्ध केलें. आपल्याकडे त्याच काळांत पानिपत झालें. शाळेंत या युद्धाचें प्रकरण क्लाइव्ह आणि वुल्फ यांच्या नांवांवर संपतें; तें लढण्यास पैसा कोणाच्या पिपांतून निघाला हें क्रमिक पुस्तकांत नसतें. युद्ध संपलें तेव्हां तिजोरी रिती झाली होती. पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या मंत्रिमंडळानें १७६३ सालीं सायडरच्या दर मोठ्या पिपामागें चार शिलिंग कर बसविला आणि तो विकणारावर न बसवितां करणारावर बसविला. म्हणजे आपल्या बागेंतलीं फळें, आपल्या घरचा घाणा, आणि कर मोजावयास अबकारी अंमलदार आपल्याच ओसरीवर! कराच्या रकमेहून या उंबरठा ओलांडण्याचाच लोकांस अधिक संताप आला. पिटनें पार्लमेंटांत कडाडून विरोध केला. पश्चिमेकडील परगण्यांत सभा झाल्या, दंगे झाले. ब्यूटनें एप्रिलांतच राजीनामा दिला. त्याला इतरही कारणें होतीं. परंतु या करानें त्याची अप्रियता फार वाढविली यांत शंका नाहीं. १७६६ सालीं कर रद्द झाला. ताडामाडांवर झाडामागें कर देत आलेल्या आपल्या कोंकणपट्टींतील घराण्यांना या संतापाचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

कर गेला, पण त्याच सुमारास त्या पिपांतून दुसरेंच भूत बाहेर निघालें.

डेव्हन परगण्यांत एक विलक्षण पोटशूळ पिढ्यान्पिढ्या चालत आला होता. पोटांत असह्य कळा, कडक मलावरोध, आणि दुखणें लांबलें तर हाताचें मनगट लुळें पडून पंजा खालीं लोंबे. धट्टेकट्टे शेतगडी त्यानें जन्माचे पंगू होत, कित्येक मरत. एक्झिटरच्या रुग्णालयांत १७६२ पासूनच्या पांच वर्षांत या दुखण्याचे अडीचशेंहून अधिक रोगी दाखल झाले होते. प्लिमथचे डॉक्टर जॉन हक्सम यांनीं १७२४ सालच्या मोठ्या साथीचें वर्णन करून १७३९ सालीं यावर निबंध लिहिला. त्या वर्षीं सफरचंदाचें पीक अतोनात आलें होतें. तेव्हां रसाशीं दुखण्याचा संबंध आहे हें त्यांना दिसलें. पण दोष त्यांनीं रसाच्या आंबटपणास दिला. ही समजूत तीस वर्षें चालली.

जॉर्ज बेकर हे मूळचे डेव्हनचेच, पुढें लंडनमध्यें नांवाजलेले वैद्य. त्यांच्या मनांत अगदीं साधा प्रश्न आला. आंबटपणाच कारण असेल, तर हेरफर्डशरचे लोक तीच सायडर तितकीच पितात, त्यांना हा शूळ कां होत नाहीं? आणि रंगारी व शिशाचें काम करणारे कारागीर यांना मात्र हुबेहूब असाच शूळ कां होतो? मग त्यांनीं दोन्हीं परगण्यांतील घाण्यांची चौकशी केली. डेव्हनमध्यें घाण्याचे दगड एकमेकांस जोडतांना सांध्यांत शिसें ओतीत. कित्येक ठिकाणीं दाबाच्या तळालाही शिशाचा पत्रा मढवीत. हेरफर्डशरमध्यें तसा प्रघात जवळजवळ नव्हता. बेकरनीं डेव्हनच्या सायडरमध्यें गंधकयुक्त द्रावण घातलें, तों ती काळवंडली. हेरफर्डशरची सायडर तशी काळवंडली नाहीं. आंबट रस शिशाला खाई आणि तें विष पिपांत उतरे. कपटाचा भाग असा कीं शिशाचा हा क्षार चवीला गोड. त्यामुळें जिभेला संशय येत नाहीं.

आमच्या घरांतील बायकांना पितळेचें भांडें कल्हईवांचून ताकाला लावूं नये, ताक कळकतें, हें रसायनशास्त्रावांचून ठाऊक असे. कथिलांत शिसें मिसळणारा लबाड कल्हईवाला ओळखण्याचीही त्यांना नजर असे. डेव्हनच्या शेतकऱ्याला अशी जिभेची सूचना मिळाली नाहीं.

बेकरनीं हा निबंध १७६७ सालीं लंडनच्या वैद्यसभेंत वाचला. डेव्हनमध्यें त्यांचें स्वागत झालें असेल असें कोणास वाटेल, झालें उलटेंच. जन्मभूमीच्या धंद्यावर बालंट घेणारा कुपुत्र म्हणून त्यांची निर्भर्त्सना झाली. एका धर्मोपदेशकानें तर १७६९ सालीं ग्रंथच लिहून हा शूळ शिशानें होत नाहीं असें ठासून सांगितलें. बागाईतदाराचा राग समजण्यासारखा आहे, कारण त्याचें उत्पन्न त्या पिपांत होतें. पण लुळे पडलेले हात बहुतेक गड्यांचे होते, हेंही विसरून चालत नाहीं. तरी हळूहळू शिसें निघत गेलें आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो शूळ विरळ झाला. बेकर पुढें राजवैद्य झाले. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्यें १७२३ सालींच रम गाळण्याच्या यंत्रांत शिशाचे भाग वापरण्यास कायद्यानें बंदी झाली होती. तीच गोष्ट डेव्हनमध्यें लोकांस पटावयास अर्धें शतक लागावें, हें नवल आहे.

हा रस गड्यांच्या पोटांत एवढा जाई तरी कसा? तो त्यांच्या मजुरीचाच भाग होता. शेतावर जातांना गडी आपलें लहानसें लांकडी पीप बरोबर नेई, आणि कित्येक ठिकाणीं दिवसाला दोन क्वार्ट, सुगींत त्याहून अधिक, सायडर त्याला मालकाकडून मिळे. पैशाऐवजीं पेय. घरीं बायकोमुलांस त्यांतून काय मिळावें? मालकाच्या बागेंत पीक उदंड आलें म्हणजे पेय स्वस्त आणि पैसा महाग. मला तरी करापेक्षां हा अन्याय मोठा वाटतो. पण त्यासाठीं पार्लमेंटांत गर्जना व्हावयास फार काळ जावा लागला. १८८७ सालच्या कायद्यानें शेतमजुराला मजुरीदाखल मादक पेय देण्यास बंदी झाली.

गोड रस गोडच ठेवण्याची युक्ति निराळ्या वाटेनें आली. पाश्चरनें १८६० नंतरच्या दशकांत द्राक्षासवावर प्रयोग करून दाखविलें कीं बेताची उष्णता दिली तर रस नासविणारे सूक्ष्म जंतु मरतात. १८६९ सालीं अमेरिकेंत टॉमस वेल्च या दंतवैद्यानें चर्चमधील विधीसाठीं द्राक्षांचा रस याच रीतीनें न आंबतां टिकविला. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. आज त्या देशांत नुसतें ‘सायडर’ म्हटलें तर गोड, न आंबलेला रस समजतात, आणि आंबलेल्यास ‘कडक’ हें विशेषण लावावें लागतें.

मात्र गोड रसही निर्धोक नव्हे. १९९६ साली अमेरिकेंत न तापविलेल्या सफरचंदाच्या रसांतून विषारी जंतु पसरून पुष्कळ लोक आजारी पडले व एक मूल दगावलें. त्यानंतर १९९८ सालीं न तापविलेल्या बाटलीबंद रसावर धोक्याची सूचना छापणें तेथें सक्तीचें झालें. आतां परसांतल्या झाडांचा रस काढणाऱ्या कुटुंबांना तेथील कृषितज्ज्ञ सांगतात कीं, गुरें किंवा हरणें फिरतात तेथें जमिनीवर पडलेलीं फळें घेऊं नयेत, झाडावरचींच काढावीं, धुवावीं, किडका भाग कापून टाकावा, आणि रस १६० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून मग थंड जागीं ठेवावा. उकळी मात्र येऊं देऊं नये, नाहींतर ताज्या फळाचा स्वाद उडून जातो.