चार सुरांची निरवानिरव

आपल्याकडे जवानाला निरोप देताना बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. ती ब्रिटिश फौजेकडून आलेली. अमेरिकेत त्या जागी ‘टॅप्स’ वाजते. तिचा मरणाशी मुळात संबंधच नव्हता. दिवे मालवा आणि निजा, एवढंच तिचं सांगणं.

जुलै 1862. यादवी युद्धातल्या सात दिवसांच्या लढाया संपवून उत्तरेचं थकलेलं सैन्य व्हर्जिनियात हॅरिसन्स लँडिंगला तळ देऊन होतं. ब्रिगेडियर जनरल डॅनियल बटरफिल्ड यांना निजेचा जुना इशारा कोरडा वाटे. त्यांनी ऑलिव्हर नॉर्टन या बिगुलवाल्याला बोलावलं आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने खरडलेले सूर पुढे केले. ते एका जुन्या लष्करी इशाऱ्यातूनच घेतलेले होते, असं अभ्यासक दाखवून देतात. नॉर्टन वाजवत गेला; बटरफिल्ड कुठे सूर लांबवत, कुठे आखडता घेत. बिगुलाला कळा नसतात. ओठ आणि श्वास यांवर निघणाऱ्या चारच सुरांची ती चोवीस स्वरांची धून. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडचे बिगुलवाले ती मागायला आले.

त्याच मोहिमेत तोफखान्याचे कॅप्टन जॉन टिडबॉल यांच्या तुकडीतला एक सैनिक गेला. त्याला पुरताना रिवाजाप्रमाणे बंदुकीच्या तीन फैरी झाडायच्या, तर शत्रू जवळच. हल्ला झाला असं वाटलं असतं. टिडबॉल यांनी फैरींऐवजी ही धून वाजवायला सांगितली. निजेची धून अशी मातीपाशी आली. 1891 साली लष्करी अंत्यसंस्काराच्या नियमांत ती शिरली.

अमेरिकी संसदेचा कायदा फार उशिरा आला. 1 जानेवारी 2000 पासून कुटुंबाने मागितल्यास माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी, ध्वजाची घडी आणि ‘टॅप्स’ द्यावीच लागते. पण दुसऱ्या महायुद्धातले सैनिक झपाट्याने जात होते आणि बिगुलवाले मोजके, म्हणून ध्वनिमुद्रणही चालेल अशी सोय कायद्यातच ठेवली. पुढे बिगुलाच्या कर्ण्यात बसणारं यंत्र आलं: कळ दाबायची, बिगुल ओठांना लावून उभं राहायचं. 2013 साली ‘टॅप्स’ला लष्करी स्मरणाचं राष्ट्रीय गीत ठरवणारा कायदा झाला. हा मान मोठा खरा, पण मला तिथे फुंकणारा माणूस हवासा वाटतो.

यंत्राचा सूर चुकत नाही. 25 नोव्हेंबर 1963 रोजी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या दफनाच्या वेळी सार्जंट कीथ क्लार्क बराच वेळ थंडीत ताटकळत उभा होता. त्याने बिगुल उचलला आणि सहावा सूर चिरकला. ऐकणाऱ्या कित्येकांना तो हुंदकाच वाटला.