तीन गाण्यांपुरता इतिहास

रॉक किंवा मेटलच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्टेज आणि प्रेक्षकांना अडवणारे लोखंडी कठडे यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी, म्हणजे 'पिट', मोकळी ठेवलेली असते. पास मिळालेल्या फोटोग्राफरांना कार्यक्रम सुरू होताना तिथे सोडतात आणि तिसरं गाणं संपलं की बाहेर काढतात. फ्लॅश मारायचा नाही, ही दुसरी अट. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, पण जगभर तो असा काही रुजला आहे की या धंद्यात नव्याने आलेल्याला तो अनादिकालापासूनचा वाटावा. तसं मुळीच नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत, म्हणजे रॉकची दृश्य ओळख घडत होती त्या काळात, असा सरसकट नियम नव्हता. आणि ज्या छायाचित्रांवरून आपण रॉक संगीत ओळखतो, त्यांतली बरीचशी या नियमाखाली निघालीच नसती. या नियमामुळे फोटो कमी झाले असं मात्र मला म्हणायचं नाही. फोटो उदंड झाले. बदलली ती मालकी. रॉकचा दृश्य इतिहास बाहेरून आलेल्या साक्षीदाराच्या हातून निसटून बँडच्या पगारी माणसाच्या हाती गेला.

पुरावा पाहू. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला मॉन्टरे पॉप महोत्सव. जिमी हेंड्रिक्सने शेवटच्या गाण्यात गिटार स्टेजवर आडवी ठेवली, तिच्यावर लायटरचं इंधन ओतलं आणि काडी लावली. एड कॅरेफ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा स्टेजला खेटून एका खुर्चीवर उभा होता. हेंड्रिक्ससाठी थोडी फिल्म राखून ठेव, असं त्याला शेजारच्या एका अनोळखी फोटोग्राफरने सुचवलं होतं, असं सांगतात. गुडघ्यांवर बसलेला हेंड्रिक्स दोन्ही हातांची बोटं नाचवत ज्वाळांना जणू वर बोलावतो आहे, ती फ्रेम या मुलाची. दुसरं उदाहरण २४ फेब्रुवारी १९६९ चं, सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या जॉनी कॅशच्या कार्यक्रमाचं. कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवणारा कॅश जिम मार्शलने टिपला तो कार्यक्रमाआधीच्या तालमीत; तुरुंगाधिकाऱ्यासाठी एक फोटो होऊन जाऊ दे, अशी मार्शलची सूचना होती. तिसरं, सप्टेंबर १९७९, न्यू यॉर्कचं पॅलेडियम. 'द क्लॅश'चा पॉल सिमोनन वैतागला होता, कारण सुरक्षारक्षक प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते. कार्यक्रम संपता संपता त्याने आपला फेंडर बेस मानेकडून धरला आणि कुऱ्हाड घालावी तसा जमिनीवर हाणला. तो आपल्याच रोखाने येतोय हे पाहून मागे सरकता सरकता पेनी स्मिथने बटण दाबलं. फोटो किंचित आउट ऑफ फोकस आला. तो 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या मुखपृष्ठावर नको, असं ती स्वतः म्हणत होती. बँडचा गायक जो स्ट्रमर याने ऐकलं नाही. आज त्या बेसचे तुकडे लंडनच्या संग्रहालयात आहेत. एक फोटो शेवटच्या गाण्याचा, एक पहिल्या गाण्याआधीचा, एक कार्यक्रमाच्या अखेरचा. तीन गाण्यांच्या चौकटीत यांतला एकही बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की तेव्हाचे लोकच तसे होते. थोडं खरं आहे, पण त्या लोकांची कामाची पद्धत पाहिली तर प्रतिभेइतकंच वजन मोकळ्या वावराला द्यावं लागतं. कोडॅकची ट्राय-एक्स ही त्या काळची हक्काची फिल्म. तिचा वेग ४००. अंधाऱ्या हॉलमध्ये तेवढ्याने भागत नाही, म्हणून ती १६०० ची आहे असं धरून फोटो काढायचे आणि डार्करूममध्ये डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. त्याने ग्रेन जाडाभरडा होतो, सावल्या काळ्या ठिक्कर पडतात, चेहऱ्याचा अर्धा भाग गायबच होतो. ज्याला आपण 'रॉकचा लुक' म्हणतो तो बराचसा या नाइलाजातून आलेला आहे. एका रोलमध्ये ३६ फ्रेम. एवढ्या भांडवलावर काम करणाऱ्याला घाई परवडत नाही. गायक कधी माइकपासून तोंड बाजूला घेतो, ड्रमर कुठल्या ठोक्याला मान वर करतो, गिटारवादक सोलोआधी कुठल्या पायावर भार टाकतो, हे आधी नुसतं पाहावं लागतं, आणि पाहायला वेळ लागतो. मार्शलचा तर हट्टच होता: मोकळेपणाने सगळीकडे फिरू देत असाल तर काम करीन, नाहीतर नाही. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमध्ये बीटल्सचा तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा पडद्यामागे वावरायची मुभा त्याला होती. 'रोलिंग स्टोन' १९६७ च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा त्याचा पहिला मुख्य छायाचित्रकार बॅरन वुलमन याने फुकट काम करायचं कबूल केलं, पण फोटोंचे हक्क स्वतःकडे ठेवून घेतले. आज तो सौदा फार दूरदर्शी वाटतो. तेव्हा नियतकालिकाकडे द्यायला पैसेच नव्हते, इतकी साधी गोष्ट होती.

ऐंशीच्या दशकात हे बदललं, आणि बदलायला कारणं होती. हॉल मोठे झाले, वृत्तपत्रांचे आणि मासिकांचे फोटोग्राफर वाढले, त्यांच्या फ्लॅशचा स्टेजवरच्या माणसाला खरोखर त्रास होऊ लागला. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं आणि कलाकाराच्या चेहऱ्याला, केसांना, कपड्यांना नवीनच बाजारभाव आला. व्हिडिओत चकाचक दिसणारा गायक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात घामाने निथळताना दिसणं त्याच्या मॅनेजरला कसं रुचावं? पहिल्या तीन गाण्यांत मेकअप टिकलेला असतो, शर्ट कोरडा असतो. गंमत अशी की त्याच सुमाराला लंडनमध्ये 'केरँग!' हे नियतकालिक निघालं, जून १९८१ मध्ये, मुखपृष्ठावर एसी/डीसीच्या अँगस यंगला घेऊन. आणि रॉस हाफिनसारख्या फोटोग्राफरांनी मेटलचा घाम, चामडं, विस्कटलेले केस यांनाच सौंदर्य ठरवून टाकलं. म्हणजे ज्या संगीताची कमाई घामावर होती, त्यालाही घाम यायच्या आत कॅमेरे बाहेर काढणारा नियम लागू झाला.

मेटलच्या बाबतीत हा नियम किती आंधळा आहे हे हिशोबाने कळतं. नेपाम डेथचं एक गाणं सव्वा सेकंदाच्या आसपास संपतं. टूलची तीन गाणी अर्ध्या तासावर जाऊ शकतात. नियम दोघांना एकच! शिवाय अनेक बँड पहिली गाणी मुद्दाम धुरात, पाठीमागून येणाऱ्या उजेडात वाजवतात. समोरचा प्रकाश आणि आगीचे लोट मागाहून येतात. त्यात आता एलईडी दिव्यांची भर. निव्वळ लाल एलईडीखाली डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरचा लाल रंग ओसंडतो, बाकी दोन रंगांत जवळजवळ काहीच नोंदलं जात नाही, आणि चेहरा टोमॅटोच्या सालीसारखा सपाट दिसतो. मग बहुतेक जण तो फोटो कृष्णधवल करून वेळ मारून नेतात. डिजिटल कॅमेरे आल्यावर अंधाराची अडचण मोठ्या प्रमाणात सुटली हे खरं. २००७ मध्ये आलेला निकॉनचा डी३ हा ६४०० आयएसओपर्यंत बिनदिक्कत चाले, ट्राय-एक्सवाल्यांना जे स्वप्नात दिसलं नसतं. पण उजेडाची मर्यादा गेली तेव्हा वेळेची मर्यादा आधीच येऊन बसली होती. एकाच पट्टीत, एकाच कोनातून, त्याच दहा-पंधरा मिनिटांत वीस जण फोटो काढणार, तर ते फोटो एकमेकांसारखेच दिसणार.

नियम नसला की काय होतं, याचा उलटा पुरावा सिअ‍ॅटलमध्ये सापडतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चार्ल्स पीटरसन तिथल्या छोट्या क्लबांमध्ये वाइड लेन्स घेऊन थेट गर्दीत शिरायचा. फ्लॅश लावायचा आणि शटर मात्र संथ ठेवायचा; त्यामुळे माणूस स्पष्ट येई आणि त्याच्याभोवती उजेडाचे फराटे उमटत. पुढे ज्याला ग्रंज म्हणू लागले त्याचं रूपच या फोटोंनी ठरवलं. मडहनीच्या १९८८ च्या 'सुपरफझ बिगमफ'चं मुखपृष्ठ त्याचंच. फ्लॅशबंदी आणि तीन गाणी, दोन्ही अटी तिथे लागू असत्या तर ही शैली जन्मालाच आली नसती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला: पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकासमोर दोन तास कॅमेरेवाल्यांची रांग का असावी? मान्य. पण या अडचणीला माणसं कमी करणं किंवा त्यांना बाजूला उभं करणं हेही उत्तर होतं. कार्यक्रमाचा शेवट कापणं हेच उत्तर निवडलं गेलं, कारण त्यातून प्रतिमेवरचा ताबाही मिळत होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पूर्ण वेळ टिपण्याची मुभा संपलेली नाही, आणि सत्तरच्या दशकातही ती बँडने नेमलेल्यांनाच होती. १९७५ मध्ये लेड झेपेलिनबरोबर नील प्रेस्टन फिरत होता, रोलिंग स्टोन्सबरोबर अ‍ॅनी लीबोव्हिट्झ होती. आयर्न मेडनच्या २००८ नंतरच्या विमानदौऱ्यांवर जॉन मॅकमर्ट्री होता, आणि त्याच्या पुस्तकातल्या फोटोंना कमअस्सल म्हणण्याची माझी हिंमत नाही. प्रश्न दर्जाचा नाहीच. आपल्याकडे इतिहासकार राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना वजन दिलं, ते बखरकारांना लिहिता येत नव्हतं म्हणून नव्हे. बखर कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे माहीत असल्यामुळे ती पडताळून पाहायला दुसरं साधन हवं होतं. १९७५ मध्ये पगारी कॅमेऱ्याच्या जोडीला बाहेरचे कॅमेरेही होते. आज तिसऱ्या गाण्यानंतर मोठ्या स्टेजच्या समोर व्यावसायिक कॅमेरा उरतो तो बहुधा एकच, आणि त्याचे फोटो आधी मॅनेजरच्या टेबलावर जातात.

ताबा कुठवर जातो हे २०१५ मध्ये उघड्यावर आलं. फू फायटर्सच्या करारात फोटो बँडकडून मंजूर करून घ्या, एकदाच छापा आणि वर हक्कही बँडला द्या, अशा अटी होत्या. 'वॉशिंग्टन सिटी पेपर'ने सही नाकारली आणि त्यापेक्षा प्रेक्षकांनी काढलेले फोटो विकत घेऊ म्हणून जाहीर केलं. क्वेबेकच्या 'ल सोलेय'ने त्याहून नामी उपाय काढला: फोटोग्राफरऐवजी व्यंगचित्रकार पाठवला. त्याच उन्हाळ्यात टेलर स्विफ्टने कलाकारांना मोबदला न देण्यावरून अ‍ॅपलला जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा एका ब्रिटिश फोटोग्राफरने तिच्याच दौऱ्याचा करार पुढे करून विचारलं की हा न्याय आम्हाला का नाही. पुढे तो करार सौम्य झाला. कलाकाराला स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क नाही का, असं कोणी विचारेल. आहे, त्याचा फोटो टी-शर्टावर छापून विकणाऱ्याला त्याने जरूर अडवावं. पण बातमी म्हणून काढलेल्या फोटोची मालकीच मागणं ही चेहऱ्याची राखण नव्हे. बातमीदाराची वही मुलाखत देणाऱ्याने घरी नेली, तर आपण काय म्हणू?

राहिला मोबाइल. हजारो लोक शेवटच्या गाण्यापर्यंत चित्रण करतात, मग नोंद हरवली कुठे? नोंद आहे, पण ती दुरून, डोक्यांवरून, एकाच पातळीवरून घेतलेली आहे. कोणी निवडलेली नाही, कोणी तारीख-ठिकाण लिहून ठेवलेलं नाही, आणि फोन बदलला की तिचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. तीही आता आटते आहे. टूलने फोन वापरायला मनाई केली, आणि घोस्टने तर २०२५ च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन कार्यक्रमभर कुलूपबंद पाकिटांत ठेवायला लावले. श्रोत्यांना त्यात सुख वाटतं हे मी नाकारत नाही. ऐकण्यासाठी ते चांगलंच आहे. इतिहासासाठी नाही.

मुंबईला हे सगळं परकं नाही. धोबी तलावच्या रंगभवनात मार्च १९८० मध्ये 'द पोलिस' वाजवून गेले. १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं ते तिथेच, आणि शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ मध्ये तिथले कार्यक्रम बंद होईपर्यंत ही जागा म्हणजे शहरातल्या रॉकचं घर होती. आयर्न मेडनच्या ज्या जागतिक दौऱ्यावर चित्रपट निघाला, त्याची सुरुवात १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. तिथवर येईतो पिटाची शिस्तही सोबत आली होती. रंगभवनाचा काळ त्याआधीचा, घरचा कॅमेरा घेऊन हौशी पोरं स्टेजपर्यंत जाऊ शकत होती तेव्हाचा. अशा वेळी काढलेले रोल तुमच्या किंवा तुमच्या काका-मामांच्या कपाटात असतील, तर आधी ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. मुंबईच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते. सिलिका जेल घालून कोरड्या डब्यात ठेवा, चांगलं स्कॅन करून घ्या, आणि बँडचं नाव, वर्ष, स्टेजवर कोण होतं हे आठवतंय तोवर लिहून काढा. आयोजकाने पैसे देऊन काम सांगितलं होतं का, तेही लिहा, कारण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तसं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. आणि आउट ऑफ फोकस आलेल्या फ्रेम टाकून देऊ नका.