बिरसीची पट्टी आणि शेपटीचाकी विमानांची चाके

बाघ नदीच्या काठचे राजेगाव हे बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवरचे गाव असून नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ पूर्वी या नदीला राज्यसीमेचे महत्त्व नव्हते, कारण दोन्ही काठांचा कारभार नागपूरहून चालत असे. या परिसरात, गोंदियाजवळच्या बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात म्हणजे १९४० मध्ये ब्रिटिशांनी विमानपट्टी बांधली. धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा हा मुलूख असल्याने पावसाळ्यात येथली उघडी जमीन महिनोन्‌महिने ओली राहते, आणि लहान विमानाचे चाक कसे असावे या प्रश्नाचा इतिहास अशाच जमिनीपासून सुरू होतो.

ज्या काळात ही पट्टी झाली, त्या काळातील बहुतेक लहान विमानांची दोन मोठी चाके पुढे, पंखांखाली, आणि एक छोटे चाक किंवा लाकडी अथवा धातूची घसरपट्टी शेपटीखाली असे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या थोडा मागे असतो. त्यामुळे ते नाक वर करून उभे राहते आणि पंख्याची पाती जमिनीपासून दूर राहतात. मात्र याच रचनेत दोन धोके दडलेले आहेत. उतरल्यावर विमान किंचित तिरपे झाले, तर मागे असलेला गुरुत्वमध्य त्याला आणखी वळवू पाहतो आणि विमान जमिनीवर गिरकी घेते. आणि मुख्य चाक चिखलात अडकून एकाएकी थांबले, तर शेपटी उचलली जाऊन नाक जमिनीवर आपटते. गवताळ मैदानावर शेपटीची घसरपट्टी जमिनीत रुतून गतिरोधकाचे काम करत असे, पण टणक धावपट्ट्यांवर ती झिजू लागली आणि तिची पकडही सुटली, म्हणून तिच्या जागी चाक आले व थांबण्याचे काम मुख्य चाकांतील ब्रेककडे गेले.

टायरची निवड ही मूलतः दाबाची निवड आहे. विमानाचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवरून टायरचा किती भाग जमिनीला टेकेल हे साधारणपणे ठरते. दाब कमी असेल तर टेकणारा भाग वाढतो आणि चाक मऊ मातीत कमी रुतते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या गुडइयर कंपनीने बाजारात आणलेले ‘एअरव्हील’ हे फुगीर, कमी दाबाचे टायर याच तत्त्वावर बेतलेले होते. आजही लहान विमानांच्या टायरवर ६.००-६ किंवा ८.५०-६ असे आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारे १७.५ इंच, तर दुसऱ्याचा सुमारे २२ इंच असतो, म्हणजे मोठे टायर बसवल्यावर विमान सुमारे दोन इंच उंच उभे राहते. पंख्याला गवत व खडे लागण्याचा धोका त्याने घटतो, परंतु वजन वाढते आणि उड्डाणात हवेचा रोधही वाढतो.

हा रोध कमी करण्यासाठी चाकावर जे निमुळते आवरण बसवतात त्याला व्हील फेअरिंग किंवा स्पॅट म्हणतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. म्हणून वेगवान विमानाला आवरणाचा जेवढा लाभ, तेवढा संथ प्रशिक्षण विमानाला होत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, त्या पस मॉथ विमानात आवरणाचा वेगळाच उपयोग केलेला होता: चाकांच्या दांड्यांवरची रुंद आवरणे उड्डाणात फिरवून वाऱ्याला आडवी करता येत आणि ती हवाई ब्रेकसारखी वापरता येत. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची ही सेवा पुण्याला, येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावर हलवली जात असे. चाक किंवा आवरण कितीही कुशलतेने निवडले, तरी पाण्याखालच्या मैदानावर उतरता येत नाही, एवढी मर्यादा या स्थलांतरातून स्पष्ट होते.

चाकाच्या आवरणाचा खरा शत्रू चिखल होय. टायर आणि आवरण यांत थोडेसेच अंतर असते. त्यात चिखल व गवत भरले की चाक जड फिरते, कधी पूर्ण अडकते, आणि शेपटीचाकी विमानाच्या बाबतीत त्याचा परिणाम वर सांगितल्याप्रमाणे नाकावर उलटण्यात होऊ शकतो. त्यामुळे गवताळ मैदानांवरून उडणारे वैमानिक ओल्या हंगामात आवरणे काढून ठेवतात. मोठे टायर हवे असतील तर नेहमीचे आवरण त्यांवर बसत नाही, म्हणजे चिखलावरचा उपाय आणि वाऱ्यावरचा उपाय एकाच चाकावर सहसा नांदत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर भारतात घडवलेल्या प्रशिक्षण विमानांतही शेपटीचे चाक टिकून राहिले. कोल्हापूर परिसरात १९०८ मध्ये जन्मलेले आणि जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकीचे संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रचलेले एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले, तर फ्लाइंग क्लबांसाठीचे पुष्पक हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये. दोन्हींची चाके आत न ओढता येणारी होती. हवेच्या रोधाचे शास्त्र त्याच्या उगमस्थानी शिकलेल्या अभियंत्यानेही स्थिर चाके पत्करली, कारण नवशिक्याच्या विमानाला वेगापेक्षा साधी, दणकट आणि दुरुस्तीस सोपी चाके अधिक उपयोगाची असतात.

बिरसीची पट्टी पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, तिचा विस्तार झाला आणि २००८ पासून तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिच्या डायमंड डीए-४० विमानांना तिसरे चाक नाकाखाली असते. त्यामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येऊन गिरकीचा धोका घटतो, आणि पक्क्या धावपट्टीमुळे लहान टायर व आवरणे वर्षभर वापरता येतात. जमीन पक्की होण्याची ही सोय जेथे नाही, तेथे शेपटीचाकी विमानाच्या मालकाला आजही आधी मैदान, मग टायर आणि सर्वांत शेवटी आवरण याच क्रमाने विचार करावा लागतो. हा क्रम उलटा केला, तर वेगात मिळालेली थोडी वाढ ओल्या मैदानावर पहिल्यांदा उतरतानाच पंख्याच्या वाकलेल्या पात्यांनी वसूल होण्याचा संभव असतो.