धनिकांच्या जपानी बागा

तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वैशाखात हंड्यासाठी वणवण होते. तेव्हा तुम्ही म्हणाल, आम्हांला बागेच्या गोष्टी कसल्या सांगता? पण जरा ऐका तर खरं.

१९०५ साली जपाननं बलाढ्य रशियाला नमवलं. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यानं हुरूप आला; तिकडे युरोप-अमेरिकेतल्या धनिकांत जपानी बागांचं वेड वाढलं. आयर्लंडात टली इथं घोड्यांची पैदास करणाऱ्या हॉल वॉकर यांनी टासा आयडा या जपानी माळ्याला बोलावलं. १९०६ ते १९१० या काळात आयडांनी मुलगा मिनोरू आणि चाळीस मजूर यांच्या साहाय्यानं दलदलीवर बाग उभी केली. तिच्यातली वाट जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास दाखवते. कॅलिफोर्नियातल्या हेन्री हंटिंग्टन यांनी तर १९११ साली एक तयार बागच विकत घेतली आणि तिथलं घर, झाडं आपल्या आवारात हलवली!

आता, दिवे, पूल, झाडं पैशानं आणता येतात. पण जपानी माळ्याची खरी विद्या निराळी आहे. आहे त्या दगडाचा, उताराचा तो मान राखतो. दूरचा डोंगरही तो बागेचाच भाग समजतो. क्योतोच्या रिओआनजी मंदिरातल्या बागेत तर पंधरा दगड आणि पांढरी खडी, पाणी नाहीच. खडीवर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, त्याच लाटा!

आणि या बागा टिकल्या कशानं? ओकायामाची कोराकुएन बाग इकेदा सरदारांनी १७०० साली स्वतःसाठी पुरी केली. १८८४ साली ती लोकांना खुली झाली. १९३४ चा पूर, १९४५ चा बाँबहल्ला यांत ती उद्ध्वस्त झाली, तरी जुन्या चित्रांवरून पुन्हा उभारली गेली. तिच्याच धर्तीवर पुण्यात २००६ साली पु. ल. देशपांडे उद्यान झालं. हंटिंग्टन यांची बागही १९२८ साली लोकांसाठी उघडली. एकाच्या हौसेसाठी केलेली बाग पुढे सर्वांची झाली, म्हणून तिला राखणारे हात मिळाले.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या अंगणात बाग करायची तर पाण्यासाठी अडू नका. आपला काळा दगड आहे, ओढ्यातली खडी आहे. कुंपणापलीकडे माहुली उभी आहे, मुरबाडकडे गोरखगड आहे. मुलांना दगड मांडू द्या. हंड्यातलं पाणी पिण्यासाठीच राहू द्या.