‘येते’, ‘येईल’ आणि ‘येत आहे’ : बसच्या वाटेवरील तीन काळ

जामखेडच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या तोंडी एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो : ‘गाडी कुठवर आली?’ या गावाला आजही रेल्वेस्थानक नाही. शेजारच्या आष्टीपर्यंत २०२२ साली रेल्वे पोहोचली, २०२५ साली ती बीडलाही गेली. जामखेडचा भरवसा मात्र बसवरच राहिला. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर कोणी, कोणत्या भाषेत आणि कितपत खरेपणाने दिले, याचा इतिहास इथल्या लोकांच्या जगण्याचा इतिहास ठरतो. वाहतुकीच्या इतिहासात रस्ते, गाड्या आणि महामंडळे यांची नोंद होते. प्रवाशाच्या वाट पाहण्याची नोंद सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ती वाट पाहणे आणि तिला मिळत गेलेली उत्तरे यांचा मागोवा घेऊ इच्छितो. आम्ही भाषेचे अध्यापक असल्यामुळे आमचे लक्ष प्रथम क्रियापदाकडे जाते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पहिले उत्तर वेळापत्रकाचे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक, ही नावे एसटीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहेत. त्यापूर्वी खासगी मोटारी धावत असत. त्यातल्या अनेक गाड्या भरल्याशिवाय हलत नसत. सरकारी गाडीने आणलेली नवी गोष्ट गाडीच्या आधी फळ्यावर दिसली : गाडी अमुक वाजता ‘सुटते’. हा साधा वर्तमानकाळ. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ या वाक्यातला जो काळ, तोच. प्रवासी एक असो वा चाळीस, गाडी त्या वेळी सुटते, असे ते वचन होते.

जामखेडच्या संदर्भात या वचनाला आणखी एक अर्थ होता. जामखेडहून नगरला जाणारा रस्ता आष्टी आणि कडा या गावांवरून जातो, आणि ही गावे बीड जिल्ह्यातली, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातली. पुण्याहून पहिली गाडी नगरला आली, त्या जूनमध्ये जामखेडकरांना स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्याला या वाटेने जायचे तर दुसऱ्या राज्याची हद्द ओलांडावी लागत होती. पुढे हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. ज्या रस्त्यावर दोन राज्यांच्या सीमा होत्या, तो एकाच राज्याच्या वेळापत्रकातला एक मार्ग झाला. गाडीच्या पाटीवरील ‘मार्गे’ या लहानशा शब्दात एवढे मोठे स्थित्यंतर सामावले आहे, याकडे आमच्या इतिहासकारांनी क्वचितच लक्ष दिले असेल.

दुसरे उत्तर चौकशीच्या खिडकीचे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला आणि राज्यकारभाराची मराठी घडू लागली. त्या मराठीची खेड्यातील माणसाशी पहिली गाठ कचेरीत पडण्याआधी बसस्थानकात पडली, असे आम्हांस वाटते. आगार, फलाट, थांबा, वाहक, चालक, आरक्षण, विनाथांबा, निमआराम हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसानेही आत्मसात केले. बोलताना तो ‘व्हाया’ म्हणे, पाटीवर ‘मार्गे’ वाची, आणि दोहोंत त्याला अडचण वाटत नसे. ध्वनिक्षेपकावरून ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असे विध्यर्थी वाक्य येई. त्यातली अदब आणि त्यातला हुकूम त्याला एकदमच ऐकू येत.

परंतु गाडीला उशीर झाला की फळ्यावरचे ‘सुटते’ निरुपयोगी होई आणि प्रवासी खिडकीशी जाई. तिथे उत्तर मिळे : ‘येईल.’ मराठीतील हा भविष्यकाळ मोठा चतुर आहे. ‘येईल’ यात आश्वासन आहे, अंदाज आहे, आणि ‘मला तरी काय ठाऊक’ अशी हतबलताही आहे. कोणता अर्थ घ्यायचा ते आवाजावरून ठरवायचे. खिडकीतल्या माणसाला दोष देऊन भागणार नाही. गाडी मागच्या स्थानकावरून निघाली की नाही, एवढे फार तर त्याला दूरध्वनीवरून कळे. घाटात पंक्चर झालेल्या गाडीविषयी तो प्रवाशाइतकाच अज्ञानी असे.

या अनिश्चिततेवर ग्रामीण महाराष्ट्राने शोधलेला उपाय म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळची शेवटची एसटी गावात मुक्कामाला राही, चालक-वाहक पारावर वा शाळेच्या ओसरीवर निजत आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघे. गाडी कुठे आहे, हा प्रश्नच त्या गावाला पडत नसे. ती डोळ्यांसमोर उभी असे. प्रत्यक्ष वेळेची माहिती म्हणतात ती याहून खरी कोणती असणार? जिथे वस्तीच्या गाड्या बंद झाल्या, तिथे गावाने एका गाडीबरोबर ही खात्रीही गमावली.

तिसरे उत्तर यंत्राचे, आणि त्याची वाट परदेशातून आली. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका राखली, कोलंबियातील बोगोटाने २००० साली तोच विचार मोठ्या प्रमाणावर उभा केला. लंडनमध्ये १९९० च्या दशकात थांब्यांवर ‘गाडी इतक्या मिनिटांत’ असे सांगणारे फलक लागू लागले. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहीय स्थाननिर्देशनाच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली आणि साध्या यंत्रालाही आपण रस्त्यावर नेमके कुठे आहोत ते कळू लागले. २००५ च्या सुमारास पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांनी मिळून वेळापत्रकांसाठी एक सामाईक मांडणी ठरवली. २०११ मध्ये तिला प्रत्यक्ष वेळेच्या माहितीची जोड मिळाली. यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. गाडीतले यंत्र ठरावीक सेकंदांनी आपले स्थान नियंत्रण कक्षाला कळवते, तिथला संगणक पुढील थांब्याचे अंतर आणि गाडीची गती यांवरून वेळ काढतो आणि तो आकडा थांब्यावरील पडद्यावर उमटतो. ‘सुटते’ आणि ‘येईल’ यांच्या जागी ‘येत आहे’ हा अपूर्ण वर्तमानकाळ आला.

महाराष्ट्रात या काळाचा प्रवेश पुण्यात झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बसचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. मार्गिका आखली गेली, पण ती गाड्यांसाठी मोकळी राहिली नाही आणि प्रयोगावर टीकाच अधिक झाली. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या परिवहन सेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल स्थापन झाली. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे हे मार्ग ‘रेनबो’ या नावाने सुरू झाले. रस्त्याच्या मधोमध असलेली स्थानके, गाडीच्या पायरीशी जुळणारे फलाट आणि येणाऱ्या गाडीची माहिती देणारे पडदे, असे त्यांचे रूप होते. २०१६ साली नगर रस्त्यावर येरवड्यापासून वाघोलीच्या दिशेने असाच मार्ग खुला झाला.

१९४८ साली पहिली एसटी धावली तो हाच पुणे–नगर रस्ता. अडुसष्ट वर्षांनी त्याच रस्त्यावर ‘सुटते’चे ‘येत आहे’ झाले. परंतु २०२३ पासून या मार्गाचा भाग टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आला. मार्गिकेमुळे इतर वाहनांना जागा उरत नाही, कोंडी आणि अपघात होतात, असा आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गाडी मोकळ्या मार्गिकेतून धावत असेल तर तिची गती फारशी बदलत नाही आणि पडद्यावरची पाच मिनिटे पाचच्या आसपास राहतात. तीच गाडी कोंडीत सापडली की यंत्र अचूक असूनही आकडा खोटा ठरू लागतो. पाचाची सात होतात, साताची दहा. गाडी कुठे आहे हे उपग्रह सांगतो, ती केव्हा पोहोचेल हे रस्ता ठरवतो. ज्या माहितीच्या पाठीशी रस्ता उभा नाही, ती पुन्हा ‘येईल’ या जुन्या उत्तराच्याच पातळीवर येते, फक्त आकड्यांत.

एसटी महामंडळानेही २०१९ च्या सुमारास गाड्यांचा माग घेणारी यंत्रणा बसवण्यास आणि स्थानकांवर पडदे लावण्यास प्रारंभ केला; पुढे मोबाइलवर गाडी पाहण्याची सोय आली. हे स्वागतार्हच आहे. मात्र पडदा बसस्थानकात असतो आणि खेड्यातला प्रवासी फाट्यावर, बाभळीच्या सावलीत उभा असतो. गाडी कुठे आहे हे पडदा सांगतो. ती का थांबली, दुसरी सोडणार का, आज निघावे की परत घरी जावे, हे तो सांगत नाही. खिडकीतल्या माणसाला निदान हे प्रश्न विचारता येत आणि त्याच्याशी भांडताही येई.

आमच्या वर्गात पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलींना आम्ही प्रारंभीच्या वर्षांत कारण विचारत असू. ‘गाडी आली नाही सर’ हे उत्तर आम्हांस सबब वाटे. एके वर्षी अशाच एका विद्यार्थिनीबरोबर फाट्यावर उभे राहण्याचा प्रसंग आला. सव्वा तास गेला. आम्ही चारदा घड्याळ पाहिले, तिने एकदाही पाहिले नाही. तिला ठाऊक होते की घड्याळाचा आणि गाडीचा काही संबंध नाही. त्या दिवसापासून आम्ही कारण विचारणे सोडले.

अहिल्यादेवी होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत प्रवास देणारी योजना त्यांच्याच नावाने चालते; पुढे महाविद्यालयात गेल्यावर मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. भाड्याचा प्रश्न राज्याने असा बराचसा सोडवला. वेळेचा प्रश्न मात्र उरला आहे. फुकट पास हाती असलेली मुलगी गाडीची वाट पाहण्यात जो तास घालवते, त्याची सवलत कोणत्याही योजनेत नाही. नगर रस्त्यावरचे पडदे लागले आणि मार्गिका गेली, त्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. फाट्यावरच्या मुलीला गाडीची खरी वेळ केव्हा कळू लागेल, याची चर्चा त्याच गांभीर्याने व्हायला हवी. तोवर तिच्या दृष्टीने व्याकरणातला एकच काळ खरा आहे, आणि तो अजून ‘येईल’ हाच आहे.