रुग्णखाट

रुग्णखाट (बोलीभाषेत हॉस्पिटलचा पलंग किंवा नुसते बेड) ही आजारी, जखमी अथवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या उपचारासाठी व शुश्रूषेसाठी बनवलेली खाट होय. घरातील पलंगाहून ती तीन बाबतींत वेगळी असते : तिचे भाग स्वतंत्रपणे वर-खाली करता येतात, तिला चाके व ब्रेक असतात आणि बाजूंना उचलता येणारे कठडे असतात. रुग्णालयाची क्षमताही खाटांच्या संख्येनेच मोजली जाते. त्यामुळे ‘खाट’ हा शब्द आरोग्यप्रशासनात वस्तूपेक्षा एकक म्हणूनच अधिक वापरला जातो.

रचना आणि इतिहास

अमेरिकन शल्यविशारद विलिस गॅच यांनी १९०९ च्या सुमारास तीन भागांत दुमडणारी खाट प्रचारात आणली. आजच्या बहुतेक रुग्णखाटा तिच्याच वंशातील आहेत. भारतीय बाजारात मात्र जॉर्ज फाउलर या दुसऱ्या अमेरिकन शल्यविशारदाचे नाव रूढ झाले. पोटातील दूषित द्रव खाली उतरावा म्हणून रुग्णाला पाठ टेकवून बसते ठेवण्याची पद्धत त्यांनी सांगितली होती.

साध्या खाटेचा पृष्ठभाग सपाट व स्थिर असतो. ‘सेमी फाउलर’ खाटेत पायथ्याशी एकच हँडल असते व त्याने फक्त पाठीकडचा भाग उचलला जातो. ‘फाउलर’ खाटेत दुसऱ्या हँडलने गुडघ्यांखालचा भागही उचलता येतो. वैद्यकीय परिभाषेत हेच शब्द खाटेचे नव्हे, तर पाठीच्या चढाच्या अंशांचे निदर्शक आहेत. ‘सेमी फाउलर स्थिती’ दोन्ही खाटांवर देता येते, हे खरेदी करताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

अतिदक्षता विभागातील खाट बहुधा विजेवर चालते. पाठ व गुडघे उचलणे, संपूर्ण खाटेची उंची बदलणे, डोक्याची बाजू खाली झुकवणे आणि पायांची बाजू खाली झुकवणे अशा पाच हालचाली तिच्यात असतात. डोके खाली झुकवण्याच्या स्थितीला जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांचे नाव आहे. रक्तदाब कोसळल्यास ती सर्रास दिली जात असे, आता तो प्रघात मागे पडला आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाची पाठ मात्र ३० ते ४५ अंश उचललेली ठेवतात, कारण त्यामुळे न्यूमोनियाचा धोका कमी होतो. हृदय बंद पडल्यास छाती दाबण्यासाठी खाट क्षणात सपाट व्हावी लागते. त्यासाठी चांगल्या खाटांना स्वतंत्र कळ असते.

विशेष प्रकार

प्रसूतीच्या खाटेचा पायाकडील भाग काढता किंवा आत सरकवता येतो. नवजात बालकांसाठी उष्णता देणारे वॉर्मर व बंदिस्त इन्क्युबेटर वापरतात. गणतीत त्यांनाही खाट म्हणतात. अस्थिव्यंग विभागात खाटेवर चौकट बसवून कप्पी व वजनांनी ताण दिला जातो. मनोरुग्णालयातील खाट बुटकी आणि जड असते, व फास लावता येईल असा भाग तिला नसावा अशी अपेक्षा असते. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालयात १,८५० खाटा मंजूर आहेत. तपासणीचा पलंग, स्ट्रेचर व डायलिसिसची खुर्ची यांची गणना सहसा रुग्णालयाच्या खाटांत होत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील खाटा

ठाणे महापालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ५०० खाटांचे असून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही कल्याण-डोंबिवली महापालिकेची प्रमुख रुग्णालये आहेत. तेथून गंभीर रुग्ण अनेकदा कळव्याला किंवा मुंबईत शीव, परळ येथे पाठवले जातात. ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जागी ९०० खाटांची नवी इमारत उभारण्याचे काम हाती घेतल्यावर कळव्यावरील भार वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला व शासनाने चौकशी समिती नेमली. मंजूर खाटा आणि प्रत्यक्ष दाखल रुग्ण यांतील तफावत त्या वेळी राज्यभर चर्चेत आली. अशी तफावत असते तेव्हा दोन खाटांमधील जागेत जमिनीवर गादी घातली जाते. तिला कठडा नसतो, चाके नसतात आणि ऑक्सिजनची नळीही बहुधा तिथवर पोहोचत नाही.

कोविड काळात ठाण्यातील बाळकुम येथे सुमारे एक हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारले गेले. डोंबिवलीतील सावळाराम महाराज क्रीडा संकुलातही कोविड रुग्णालय सुरू झाले. ‘ऑक्सिजन बेड’ आणि ‘व्हेंटिलेटर बेड’ हे शब्द तेव्हाच घरोघरी पोहोचले. ते खाटेचे प्रकार नसून तिच्याशेजारील सोयीची नावे आहेत. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर निश्चित केले : सर्वसाधारण कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षतेसाठी ७,५०० व व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक मध्ये ही तरतूद आहे.

घरगुती वापर

पक्षाघात, मांडीच्या हाडाचा मोड किंवा कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत रुग्णखाट घरी आणली जाते. डोंबिवली व ठाण्यात विक्रेत्यांखेरीज स्वयंसेवी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनामत रक्कम घेऊन ती अल्प भाड्याने देतात. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत जिन्याच्या वळणावर अखंड सांगाडा अडतो. म्हणून सुटे होणारे सांगाडे सोयीचे ठरतात. खोली लहान असल्यास साध्या पलंगावर ठेवायचा बॅकरेस्टही पुरतो.

शय्याव्रण टाळण्यासाठी आळीपाळीने फुगणारी हवेची गादी वापरतात. गादी असली तरी रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. लघवीची पिशवी कठड्याला न अडकवता खाटेच्या स्थिर चौकटीला, मूत्राशयाच्या पातळीखाली लावतात. कठडा व गादी यांतील फटीत भ्रमिष्ट रुग्णाची मान किंवा हात अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे गादी खाटेच्या मापाचीच घेतली जाते.