कुलूप आणि त्याचें नांव

बुलढाणा जिल्ह्यांतील जलंब स्थानकापासून खामगांवपर्यंत सुमारें १३ किलोमीटरांचा लोहमार्ग आहे. वऱ्हाडच्या कापसासाठीं तो १८७० मध्यें खुला झाला. एकेरी मार्गाच्या एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी, हा रेल्वेचा जुना दंडक. भारतांतील अनेक एकेरी मार्गांवर त्यासाठीं स्थानकांतील यंत्रांतून निघणारा धातूचा गोळा वापरीत. गोळा हातीं आल्यावांचून गाडी हांकावयाची नाहीं. आणि एका टप्प्याचा गोळा शेजारच्या टप्प्याच्या यंत्रांत बसूं नये, अशीही योजना असे.

श्रोतेहो, संगणकांतही हाच प्रश्न उद्भवला. एकच नोंद दोन कामें एकदम बदलूं लागलीं तर हिशेब बिघडतो. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६० च्या दशकांत त्यावर सुचविलेल्या साधनास रेल्वेच्या सिग्नलाचेंच ‘सेमाफोर’ हें नांव दिलें.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यांत ‘स्पिनलॉक’ नांवाचें कुलूप आहे. तें मोकळें होईपर्यंत प्रोसेसर जागच्या जागीं घिरट्या घालीत राहतो. परंतु जेथें यंत्राचा हात ठरल्या क्षणीं थांबलाच पाहिजे, तेथें असा खोळंबा परवडत नाहीं. म्हणून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर प्रभृतींनीं २००४ पासून ‘रिअल-टाइम’ गाभा घडविला. त्यांत या कुलपाचा अर्थच पालटला: वाट पाहणाऱ्या कामानें झोंपीं जावें व प्रोसेसर निकडीच्या कामास मिळावा. मात्र गाभ्याच्या अगदीं तळच्या भागांत झोंपणें शक्यच नव्हतें. तेथें जुनेंच फिरतें कुलूप आवश्यक होतें.

आरंभीं दोन्हीं कुलपांस आज्ञा एकाच नांवाची होती. कुलपाची जात पाहून कंपायलर योग्य क्रिया निवडी. लिहिणाऱ्यास हें सोयीचें, पण वाचणाऱ्यास फसवें! डिसेंबर २००९ मध्यें ग्लाइक्सनर यांनीं नांवें वेगळीं केलीं. रिअल-टाइम गाभ्यांत झोंपूं शकणारें तें ‘स्पिनलॉक’, कधींही न झोंपणारें तें ‘रॉ-स्पिनलॉक’. आणि पूर्वीं ‘रॉ’ म्हणविणाऱ्या सर्वांत खालच्या थरास ‘आर्च’ हें नवें नांव. फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ या आवृत्तींत हीं नांवें आलीं. जुन्या नांवांवर विसंबून बाहेर लिहिलेल्या कार्यक्रमांची बांधणी मग अडूं लागली.

अशा वेळीं एका जातीच्या कुलपास दुसरीचें सोंग देऊन कंपायलरला गप्प बसविण्याचा मोह होतो. परंतु तसें केल्यास बांधणींतील चूक चालत्या यंत्रांत जाते: झोंपूं नये तेथें काम झोंपतें आणि यंत्र अडकून पडतें. खरा उपाय म्हणजे प्रथम विचारणें, या जागीं झोंपणें चालेल काय? चालत असल्यास साधें कुलूप ठेवावें. नसल्यास कुलपाची घोषणा, सिद्धता, लावणें आणि उघडणें, हीं चारही ‘रॉ’ जातीचीं करावींत. सरसकट सगळींच ‘रॉ’ केलीं, तर वेळेची जी हमी मिळविण्यासाठीं हा खटाटोप, तीच हातची जाईल.

सुमारें २० वर्षांच्या परिश्रमानंतर, सप्टेंबर २०२४ मध्यें, हें कार्य मुख्य लिनक्समध्यें स्वीकारलें गेलें. परक्या टप्प्याचा गोळा नाकारणारें यंत्र घाईच्या वेळीं हट्टी भासतें. पण समोरासमोरची टक्कर टळते ती त्या नकारामुळेंच. कंपायलरच्या नकाराकडेही याच दृष्टीनें पाहावें.